कंदीलपुष्पाची पाचवी पाकळी

मुलांनो, नीट मांडी घालून बसा. एका जंगलात सगळेच प्राणी कलाप्रेमी होते. त्यामुळे तिथल्या झाडाझुडपांचे फार हाल होत.

त्या जंगलात कंदाबाई नावाची साळिंदरीण राहायची. वनस्पतिशास्त्र तिला तोंडपाठ होतं. तरुणपणी तिने बहुतेक वनस्पतींचे कंद उकरून खाल्ले होते, म्हणून अभ्यास दांडगा. तिचा शेजारी नांगोजी खेकडा. ओढ्याकाठच्या मातीच्या वस्तू घडवायच्या आणि भट्टीत भाजायच्या, हा त्याचा उद्योग.

डोंगरमाथ्यावर कंदीलपुष्पाची वेल उगवायची. तिच्या फुलाच्या पाच पाकळ्या टोकाशी जुळून इवलासा कंदील व्हायचा. ही वेल दुसऱ्या कुठल्याच जंगलात नव्हती. इथे होती, तर गवे तिला तुडवत जायचे.

कंदाबाईला वाईट वाटे. तिने नांगोजीला गळ घातली, की शास्त्र मी सांगते, तुम्ही हे फूल मातीत घडवा. ते पाहून तरी सगळे वेल जपतील. नांगोजी जीव ओतून खपला. पण भट्टीतून काढताना एक पाकळी निखळली. तो रडकुंडीला आला. तेवढ्यात प्रधान तरस तिथे टपकला आणि उरलेलं फूल उचलून दरबारात घेऊन गेला.

वाघमहाराजांना फूल फार आवडलं. चार पाकळ्या म्हणजे आपल्या राज्याच्या चार दिशा, असं त्यांनी भर दरबारात सांगितलं. टाळ्या झाल्या. गव्यांनीही खूर आपटले.

मग हंगाम आला आणि माथ्यावर खरी फुलं उमलली. प्राणी हौसेने बघायला गेले आणि गोंधळले. पाकळ्या पाच होत्या. प्रधानांनी ती फुलं सदोष ठरवली.

कंदाबाई दरबारात गेली. चूक मातीच्या फुलात आहे, असं तिने सांगितलं. नांगोजीनेही भट्टीतला अपघात कबूल केला आणि नवं फूल घडवून देतो म्हणाला.

"मातीचं फूल दुरुस्त केलं, तर महाराज चुकले असा अर्थ होईल," तरस म्हणाला. "त्यापेक्षा खरी फुलं दुरुस्त करू."

प्रत्येक फुलाची एकेक पाकळी खुडायला माकडांची नेमणूक झाली. नेमणुकीचा समारंभच आठवडाभर चालला, म्हणून खुडणं जरा लांबलं.

इकडे दोघं ओढ्यावर बसले होते. कंदील फाटला की बी धरणार नाही आणि वेल कायमची संपेल, हे कंदाबाईला कळत होतं. तिचे काटे ताठ उभे राहिले होते, पण टोचणार कुणाला? नांगोजी जरा जपूनच बसला होता. बराच वेळ नांग्या चोळून तो म्हणाला, "बाई, माझ्या मातीच्या फुलाला आजवर कुणी हात लावलाय का?"

माकडं माथ्यावर पोचली, तेव्हा प्रत्येक वेलीपुढे भाजलेल्या मातीची पाटी होती. 'मृत्तिकाशिल्प. कलाकार: नांगोजी. हात लावू नये.'

माकडांनी हात पाठीमागे बांधले. गवे वळसा घालून जाऊ लागले. महाराज स्वतः आले. वाकून बघत म्हणाले, "किती हुबेहूब आहे. वाऱ्याने हलतंसुद्धा."

एक माशी फुलात शिरली. "माशीसुद्धा फसली," महाराज म्हणाले. ते फार खूश झाले.

तरसाने मात्र पाकळ्या मोजल्या.

"पाचवी पाकळी ही कलाकाराची कल्पना आहे, प्रधानजी," नांगोजी म्हणाला. तरसाला कलेतलं काही कळत नव्हतं आणि तसं दिसलेलं त्याला परवडणारं नव्हतं. त्याने मान डोलावली.

फुलं सुकली, तेव्हा कंदाबाईने प्रदर्शन संपल्याचं जाहीर केलं. शेंगा धरल्या, बिया उडाल्या. पुढच्या हंगामात माथा वेलींनी भरून गेला. पाट्या करता करता नांगोजीच्या नांग्या भरून आल्या.

उत्कृष्ट नकलेचा राजपुरस्कार नांगोजीला माथ्यावरच देण्यात आला. तेव्हा महाराजांनी कंदाबाईला विचारलं, की त्या खऱ्या सदोष वेलींचं पुढे काय झालं?

कंदाबाईने खाली मान घातली. "नामशेष झाल्या, महाराज."

सगळा दरबार, गुडघाभर वेलींत, मूक उभा राहिला. गव्यांना तर रडू आवरेना.

तात्पर्य: मुलांनो, नेहमी खरं असावं. पण जगायचीही इच्छा असेल, तर आपण खोटे असल्याची पाटी जवळ बाळगावी.