ठोसरकाकांच्या दोन ताटल्या

ठोसरकाकांना कोणाबद्दल काही ठरवायचं असलं की ते आधी त्या माणसाला उठवायचे आणि स्वतः त्याच्या खुर्चीत तासभर बसायचे.

माझ्याकडे ते आले तेव्हा मला नोकरीला लागून नऊ दिवस झाले होते. "ऊठ, तासभर हिंडून ये," एवढंच म्हणाले. मला वाटलं, गेली नोकरी. तो तास मी गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी उभं राहून काढला आणि आईला काय सांगायचं याची मनातल्या मनात तालीम केली. परत आले तर खुर्ची रिकामी, टेबलावर पाठकोऱ्या कागदाची चिठ्ठी: 'खिडकीचं ऊन स्क्रीनवर येतं. मुलगी डोळे बारीक करून काम करते, सांगत नाही.' दुसऱ्या दिवशी पडदा लागला.

आमचं ऑफिस तेव्हा जवाहर नगरमधल्या एका जुन्या बंगल्यात होतं. जवळच्या बगरू गावात लाकडी ठशांनी छापलेल्या चादरी आणि रजया आम्ही ऑनलाइन विकायचो. गठ्ठे उघडले की सगळ्या खोल्यांना रंगाचा आणि उन्हाचा वास यायचा. तो वास नव्या ऑफिसात येत नाही. माणसं बावीस, त्यांत मराठी दोघंच. मी इथेच, हिंदी मुलखात वाढलेली रेल्वेवाल्यांची मुलगी, मराठी फक्त घरात बोलणारी. ठोसरकाका मूळचे अकोल्याचे, विम्याच्या कचेरीतून इथेच निवृत्त झालेले आणि आता आमच्या रजा, हजेरी, भांडणं सांभाळणारे. बाकीच्यांचे ते ठोसरजी. मी सर म्हणायचे.

"सर काहून?" ते एकदा म्हणाले. "या बंगल्यात माझ्याशी मराठी बोलणारं दुसरं आहे कोण? काका म्हण."

मग मालकांचा मुलगा परदेशातून शिकून आला. ऑफिस वैशाली नगरला, काचेच्या इमारतीत न्यायचं ठरलं. तिथे जागा सोळा. सहा नावं काढायचं काम ठोसरकाकांवर आलं. या छोट्या साहेबांनी कोण दिवसाला किती काम करतं याचा तक्ताच त्यांच्या हातात दिला.

"डेटा सब बता देगा, ठोसरजी."

"जरूर बताएगा. मैं जरा बैठ के आता हूँ."

आणि ते बसत सुटले. फाटकावरच्या भंवरलालच्या स्टुलावर बसले तेव्हा एका बाईंनी त्यांना वॉचमन समजून स्कूटर सावलीत लावायला सांगितली. काकांनी ती निमूट लावली. नंतर भंवरलालचं स्टूल कडुनिंबाखाली हलवलं, कारण बाराच्या पुढे तिथे सावली फक्त स्कूटरलाच मिळते, हे त्यांना कळलं होतं. एकदा तर ते छोट्या साहेबांच्याच खुर्चीत सापडले. "ये क्या है?" साहेबांनी विचारलं. काका शांतपणे म्हणाले, "यहाँ से बाहर का कुछ सुनाई नहीं देता, साहब." साहेबांना राग आला. पण दुसऱ्या दिवसापासून दार उघडं राहू लागलं.

सहांतले दोघं आपणहून सोडणारच होते. तिघांना काकांनी, त्यांना विचारून, बगरूच्या गोदामात त्याच पगारावर लावून दिलं. राहिलं सहावं नाव. तक्त्यात सगळ्यात खाली कमलाजी होत्या. परत आलेली पार्सलं तळघरात तपासायच्या. काका त्यांच्या पाटावर तासभर बसून आले, तेव्हा काकांच्या बोटाला सुई टोचलेली होती. कमलाजी उसवलेल्या शिवणीला बसल्या बसल्या टाके घालत आणि चादर पुन्हा विकायला पाठवत. तक्त्यात शिवणीसाठी रकाना नव्हता. काकांनी तो हाताने आखला आणि त्यांचं नाव यादीतून काढून टाकलं.

त्या दुपारी ते माझ्या टेबलाशी आले. "आता एकच खुर्ची राहिली. माझी."

"तुमची?"

"काहून? ती खुर्ची नाही? पण आपल्या खुर्चीत बसून आपल्याला काय दिसणार! तू बस. दिसेल ते लिही. गोड लिहिलंस तर फाडून टाकीन."

मला नाही म्हणता येत नाही. मी बसले. काका भंवरलालपाशी जाऊन उभे राहिले. जेवणाची वेळ होती. त्यांच्या केबिनच्या काचेतून व्हरांड्यातलं लांब टेबल पूर्ण दिसत होतं. सगळे लोणचं इकडून तिकडे सरकवत होते, हसत होते. काका जवळून गेले की ते हसणं थांबायचं, हे मला ठाऊक होतं, कारण मीही तेव्हा डब्यात मान घालायचे. रजा नाकारणारा माणूस. आता तर यादी करणारा. त्या खुर्चीतून सगळं दिसत होतं आणि काहीच ऐकू येत नव्हतं.

पेन शोधायला ड्रॉवर उघडला. आत दोन स्टीलच्या ताटल्या होत्या. एक वापरून चरे पडलेली. दुसरीवर दुकानाचं स्टिकर तसंच.

तासाभरात एकच माणूस आला, रजेचा फॉर्म मागायला. मी लिहिलं: 'रजेचा अर्ज आता कॉम्प्युटरवर भरता येतो. नवीन ऑफिसात ही खुर्ची लागणार नाही.' टेबलाबद्दल काही लिहिलं नाही.

काकांनी कागद दोनदा वाचला. "बरोबर आहे. शुद्धलेखन सोडलं तर." आणि यादीत सहावं नाव स्वतःचं लिहिलं.

मी जायला हवं होतं. गेले नाही. "काका, ती दुसरी ताटली..."

त्यांनी ती ड्रॉवरमधून काढून टेबलावर ठेवली. "कोणी आलंच जेवायला, तर असावी म्हणून. सहा वर्षं झाली."

मी माझा डबा आणला आणि नखाने स्टिकर काढायला लागले. अर्धं फाटून राहिलं.

"ओढू नको," काका म्हणाले. "तेलाचं बोट लाव. आपोआप सुटतं."

पुढचे अकरा दिवस आम्ही त्या केबिनमध्ये जेवलो. तिसऱ्या दिवशी कमलाजी आपली भाजी घेऊन आल्या, पाचव्या दिवशी भंवरलाल आपलं स्टूल घेऊन. शेवटच्या आठवड्यात लोणच्याची बरणीच आत राहायला आली.

अकोल्याला परत जायच्या दिवशी काकांनी ड्रॉवर रिकामा केला आणि दोन्ही ताटल्या माझ्या हातात ठेवल्या. मी चरे पडलेली परत द्यायला लागले. "ही तुमची, काका. अकोल्याला न्या."

"राहू दे," ते म्हणाले. "एकट्या ताटलीचं तू काय करशील?"