बाटलीबाहेरचं पाणी

मेश्राम साहेब वाफेच्या पाइपाजवळ गाल नेऊन डोळे मिटून उभे राहायचे. नव्या माणसाला वाटे, साहेबांना भोवळ आली. वेष्टण कुठं फाटलं आणि ऊब कुठून निसटते, ते साहेब असं शोधत. खिशात मोजायचं यंत्र असे, पण आधी गाल. "यंत्राची बॅटरी संपते," ते म्हणायचे.

नागपूरबाहेरच्या आमच्या बिअरच्या कारखान्यात पाणी, वाफ आणि वीज त्यांच्याकडे होती. मी प्रयोगशाळेत. एक बाटली बिअर व्हायला तिच्या कितीतरी पट पाणी जातं. टाक्या धुवायला, बाटल्या धुवायला, थंड करायला. साहेबांना त्याचा घोर. इतकं आत आलं, बाटलीत एवढंसंच भरलं, "मंग बाकीचं गेलं कुठं?" हा प्रश्न ते मॅनेजरलाही विचारत आणि चहावाल्यालाही.

नागपूरच्या महाल भागातल्या एका लग्नात ते आचाऱ्याच्या मागे लागले. पातेलं उघडं काहून ठेवलं, वाफ चालली ना. वैतागलेल्या आचाऱ्यानं झाकण त्यांच्याच हातात दिलं, आणि वरात दारात येईस्तोवर साहेब सफारी सूटमध्ये भातापाशी पहारा देत होते.

स्वतः बिअरचा थेंब घेत नसत. कुणी कौतुक केलं तर म्हणत, "तत्त्व कायचं गा, मले पित्त होते."

बॉयलर कोळशावरून भाताच्या तुसावर आणला तो त्यांनीच. पण खरा हट्ट वेगळाच होता. बाटल्या धुतल्यावरचं शेवटचं पाणी जवळजवळ स्वच्छ असतं, ते पुढच्या बाटल्यांच्या पहिल्या धुण्याला वापरायचं. मॅनेजरना भीती, बाटलीला वास राहिला तर? साहेब रोज माझ्या टेबलावर नमुने आणून ठेवू लागले. तपासून तपासून मी कंटाळले, पण वास काही सापडला नाही. अखेर मॅनेजर मानले. पाणी बरंच वाचू लागलं. त्याचे आकडे मांडले त्या बैठकीत सगळे टाळ्या वाजवत असताना साहेबांनी एकच मागणं मागितलं, कारखान्यासाठी पाणी उपसणारी गावाकडची बोअर आता बंद करा. मॅनेजर हो म्हणेपर्यंत ते खाली बसले नाहीत. एका बोअरसाठी कुणी एवढा हट्ट धरतं, याचं मला नवल वाटलं. बोअर बंद झाली.

पुढच्या उन्हाळ्यात ते म्हणाले, "चाल वं, गावातल्या विहिरीचा नमुना घेऊन येऊ."

गाडीत त्यांनी सांगितलं. विहीर त्यांच्या थोरल्या बहिणीची. आई गेल्यावर त्यांना वाढवलं ते तिनंच. कारखान्याची बोअर सुरू झाली आणि तिची विहीर उन्हाळ्यात आटू लागली. त्या कंपनीत आहेस तोवर माझ्या दारात येऊ नको, असं ती म्हणाली होती. तेव्हापासून साहेब गावाच्या वेशीपर्यंत यायचे आणि परत फिरायचे.

"नोकरी सोडली काहून नाही?" मी विचारलं.

"मी सोडली असती तर बोअर थोडीच बंद झाली असती?"

आम्ही पोचलो तेव्हा ताई विहिरीवरच होत्या. दोर सोडला, बादली बुडाल्याचा आवाज झाला. ऐन वैशाखात. मीच ताईंना सांगितलं की ती बोअर बंद करायला साहेबच भांडले.

साहेबांनी लगेच मला दुरुस्त केलं. "मागच्या साली पाऊसही चांगला झाला होता, ताई. सारं माह्यामुळं नाही."

ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. माझी बाटली भरून दिली, पदराला हात पुसले, घागर उचलली. घराकडे वळताना म्हणाल्या, "किती वाळला गा तू. जेवून जाय."

साहेब उंबऱ्याशी चपला काढायला वाकले, ते बराच वेळ वर आलेच नाहीत. मी भलतीकडेच बघत उभी राहिले. आत ताईंनी दोन पाट मांडले. मग माझी आठवण होऊन तिसरा मांडला.