ढकलण्याची पूर्वपरवानगी

विचार न करता काम करणे हा कोणत्याही कार्यालयाचा पाया असतो. मात्र तेही रीतसर करावे लागते. विचार न करता सही केली तर तो अनुभव, विचार न करता फाईल परत पाठवली तर ती शिस्त. पण विचार न करता साहेबांना ढकललं तर ते काय, हा प्रश्न आमच्या जावक कारकुनाच्या मानगुटीवर बसला.

झालं असं की, बाहेर जाणारं टपाल घेऊन तो साहेबांपुढे उभा होता. वरचा पंखा करकरला, डुलला, आणि कारकुनाने हातातलं टपाल टाकून साहेबांना असं ढकललं की साहेब थेट कचऱ्याच्या टोपलीत बसले. पंखा खुर्चीत बसला. (खुर्ची रिकामी राहिली नाही, ही समाधानाची बाब.)

"अहो, वेडबिड लागलंय का तुम्हाला?" साहेब टोपलीतून ओरडले. पंख्याला कुणी अवाक्षर बोललं नाही. त्याची सेवा कारकुनापेक्षा जुनी होती.

लगेच लेखी खुलासा मागवण्यात आला. कारकून हबकलाच, कारण हेडक्लार्कच्या जागेसाठी त्याचं नाव नुकतंच वर गेलं होतं आणि बायकोने ती बातमी गल्लीभर करून ठेवली होती. घरी येऊन त्याने कॉलेजात जाणाऱ्या लेकीला गाठलं.

"बाबा, सरळ लिहा ना, इन्स्टिंक्टिव्हली ढकललं."

"म्हणजे गं काय?"

"म्हणजे डोकं चालायच्या आत हात चालतो ना, तसं. आतून, आपोआप. दूध उतू जायला लागलं की आई धावते तसं."

शब्द कारकुनाला पसंत पडला. लांबलचक होता, आणि अर्थ विचारायची साहेबांना लाज वाटेल असा होता. त्याने तो लिहिला आणि हात दाखवून अवलक्षण करून घेतलं.

कारण अर्थ ठरवायला समितीच नेमली गेली. समितीने कसून काम केलं, हे मान्य करायलाच हवं. पाहणीत शेकडा ब्याण्णव कर्मचाऱ्यांनी आपण असं कधीच वागत नाही, असं सांगितलं. उरलेले आठ टक्के प्रश्न ऐकताच दचकले, त्यांची नावं टिपून घेण्यात आली. शिंक, उचकी आणि साहेब आल्यावर ताडकन उठणं हे या शब्दाचे कार्यालयीन उपयोग ठरले. पैकी शिंक सहेतुक असू शकते, असा एका सदस्याचा भिन्न अभिप्राय पडला. शेवटी नियम झाला: यापुढे ज्यांना इन्स्टिंक्टिव्हली वागायचे असेल त्यांनी पूर्वपरवानगी घ्यावी. तातडी असल्यास तोंडी विनंती चालेल, मात्र सोबत लेखी अर्ज जोडावा.

शेवटची सुनावणी समितीच्या खोलीत होती. बढती मिळणार की नाही, ते तिथेच ठरायचं होतं. अध्यक्ष मायाळू गृहस्थ होते. त्यांनी नियम वाचून दाखवायला घेतला आणि त्यांच्या डोक्यावरचा पंखा करकरला.

कारकुनाचा हात झटकन पुढे गेला. मग त्याला हेडक्लार्कची खुर्ची दिसली, बायकोचा चेहरा दिसला. पुढे गेलेला हात त्याने तसाच वर केला.

"साहेब, ढकलायची परवानगी हवी होती."

"कुणाला?"

"आपल्याला."

"कारण?"

"पंखा, साहेब."

"अर्ज आणलाय?"

"आत्ता लिहितो."

"सावकाश लिहा हो. घाईत चुका होतात."

कारकून 'विषय'पर्यंत पोचला होता तेव्हा पंखा पोचला. अध्यक्षांच्या उजव्या खांद्याचं हाड मोडलं. दवाखान्यातून त्यांनी डाव्या हाताने शेरा मारला: 'संयम वाखाणण्याजोगा. बढती द्यावी.' मोठ्या मनाची माणसं अशीच असतात.

बढतीचा हुकूम घेऊन कारकून घरी आला आणि जिन्याखालूनच त्याने हाक मारली. लेक आनंदाने धावत खाली आली. शेवटच्या पायऱ्यांवर तिचा पाय सटकला आणि बापाच्या पुढ्यात ती गुडघ्यांवर आपटली.

"बाबा! हातभर अंतरावर होतात की! धरलं का नाही मला?"

कारकुनाने आपल्या हाताकडे पाहिलं. तो वर होता.

"अगं, विचारावं कुणाला तेच कळेना," तो म्हणाला, आणि तिथेच पायरीवर बसून ढसाढसा रडला. (हे रडणं विनापरवाना होतं. त्याची अद्याप दखल घेतलेली नाही.)

आता वाचकहो, तुमचं. मघाशी पंखा करकरला तेव्हा तुम्ही एकदा आपल्या डोक्यावर पाहिलंत. नाही म्हणू नका. तो प्रमाद पहिलाच म्हणून माफ. शेजारच्याच्या डोक्यावर काय आहे ते मात्र तुम्ही पाहिलं नाहीत, त्याबद्दल समिती आपलं मनःपूर्वक अभिनंदन करते.