पोटातला जावई

आमच्या घरी वरणाला फोडणी बसली की देवतळे भाऊजी दारात उभेच. जेवायला नाही. जेवायला आले असते तर मी काही बोलले नसते, आल्यागेल्याला घासभर अन्न आमच्याकडे कधी कमी पडलं नाही. हा माणूस यायचा तो नुसता बसायला. स्वयंपाकघरात मागच्या भिंतीशी साबणाचं एक रिकामं खोकं होतं, त्यावर बसायचे, नाक वर करायचे आणि म्हणायचे, "वहिनी, आज मोहरी पुरी तडतडली नाही. काहून घाई केली?"

आता तुम्हीच सांगा. स्वतः दोन्ही वेळ दूध आणि मऊ भात खाणाऱ्या माणसाला माझ्या मोहरीची उठाठेव कशाला?

लढाईचे दिवस होते. आम्ही जबलपुरात लष्करी फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये राहायचो. देवतळे आमचे शेजारी, आमच्या ह्यांच्याबरोबर एकाच शेडमध्ये कामाला, मूळचे आमच्यासारखेच वर्धेकडचे. त्यांचं आणि आमचं स्वयंपाकघर पाठीला पाठ लावून, मधे एका विटेची भिंत. तिकडे झारा पडला तरी इकडे कळायचं. लढाई लागली तशी फॅक्टरी रात्रंदिवस चालायला लागली आणि अंधार पडला की ब्लॅकआउट. खिडक्यांना काळे कागद, दारं बंद. त्या कोंडलेल्या घरात मी, माझा नवरा, दोन पोरं, स्टोव्हचा धूर आणि वर हे भाऊजी.

त्यांच्या पोटात अल्सर होता, कितीतरी वर्षांचा. पण ते त्याला अल्सर कधी म्हणत नसत. जावई म्हणत. "जावई उठला." "जावई रुसून बसला." "जावयाला दर दोन तासांनी दूध लागते वहिनी, नाही दिलं तर मांडव पेटवून देते." फॅक्टरीतसुद्धा दुधाची बाटली घेऊन जायचे. लढाईमुळे गेटवर तपासणी कडक. पहारेकरी रोज बाटलीचं बूच काढून वास घ्यायचा, रोज विचारायचा, "इसमें क्या है?" आणि भाऊजी रोज तितक्याच गंभीरपणे सांगायचे, "दामादजी का नाश्ता है, भैया." मागे रांग खोळंबलेली. आमच्या ह्यांना त्यांच्यापायी दोनदा हजेरीला उशीर झाला, तो राग घरी येऊन माझ्यावर निघाला.

औषधं तर विचारूच नका. फॅक्टरीच्या दवाखान्यातलं खडूसारखं पांढरं औषध झालं, ज्येष्ठमध झालं, अनशापोटी कोहळ्याचा रस झाला, ओमती बाजारातल्या एका हकिमाचं चाटण झालं. बरगीकडे कोणी बाबा अंगारा देतो म्हणून कळलं, तर सुट्टीच्या दिवशी सायकल हाणत तिथंही जाऊन आले. प्रत्येक औषध पहिले चार दिवस रामबाण. पाचव्या दिवशी पोट धरून यायचे आणि म्हणायचे, "जावई लय हुशार आहे. त्यानं औषध ओळखलं." बरं, एकट्यानं घ्यावं ना? तर नाही. कोहळ्याचा रस आमच्या ह्यांना पाजला. ह्यांच्या पोटाला काही झालेलं नव्हतं, रस प्यायल्यावर झालं. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं, त्यावर भाऊजींचं एकच उत्तर, लढाई संपू द्या, मग पाहू. जसा काही शत्रू त्यांच्याच पोटाची वाट पाहून राहिला होता.

हे सगळं मी सोसलं असतं, पण जेवणाच्या वेळेचं काय करायचं? समोर माणूस उपाशी बसला असताना घास घशाखाली उतरतो का? मी ताट वाढायची, ते हात जोडायचे. ह्यांचा घास अडकायचा, पोरं अर्ध्या भाकरीवर उठायची. मधेच भाऊजी हात वर करून सगळ्यांना गप्प करायचे. "थांबा रे पोट्टेहो, जरा थांबा." मान वाकडी करून कान देऊन ऐकत बसायचे. पोटात काही गुरगुरतंय ते ऐकतात, असं आम्ही समजायचो. माझा धाकटा तर पाठीमागे त्यांची हुबेहूब नक्कल करायचा आणि मी त्याला रागवायचेही नाही.

मला खरी चीड होती ती त्यांच्या बायकोच्या बाबतीत. सुमनबाई लग्न होऊन आल्या तेव्हा काय अंगानं भरलेली बाई होती. हिरव्या मिरचीचा ठेचा चटणीसारखा नाही, भाजीसारखा खायची. आता गळ्याचं हाड वर आलेलं, बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. पाणी भरताना दोनदा चक्कर येऊन खाली बसली. क्वार्टरमधल्या आम्ही सगळ्या बायका म्हणायचो, ह्या माणसानं आपल्या पोटाच्या नादात हिला संपवली. आणि तिला घरी एकटं टाकून हा रोज जेवणाच्या वेळी माझ्या उरावर.

एका संध्याकाळी माझा बांध फुटला. दिवसभर रॉकेलच्या रांगेत उभी राहून आले होते, पाय मोडून आले होते, आणि खोक्यावरून आवाज आला, "वहिनी, लसूण करपला ना आज?"

मी झारा खाली ठेवला. म्हटलं, "भाऊजी, उद्यापासून आमची जेवणं उरकल्यावर येत जा. माझी पोरं धड जेवत नाहीत. आणि घरी बायको वाळून चाललीय, तिच्याजवळ बसा जरा."

आमचे हे माझ्याकडे डोळे वटारून पाहायला लागले. मी पाहिलंच नाही तिकडे.

भाऊजी उठले, मग परत बसले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "ती जेवावी म्हणून तर येतो."

"म्हणजे?"

"मऊ भात मला सांगितला डॉक्टरनं. पण तवापासून तिच्याही ताटात तेच. मी म्हणतो, तू कर ना आपलं, झुणका कर, ठेचा कर. तर म्हणते, तुमच्या पोटात आग अन् मी मिरच्या खाऊ? वासानं तुमचा त्रास वाढते." भाऊजींनी भिंतीकडे बोट केलं. "म्हणून मी संध्याकाळी बाजारात फिरायला जायचो. म्हटलं मी नसलो म्हणजे ती करून घेईल. दोन वर्षं हेच समजून राहिलो. आता ब्लॅकआउटमध्ये फिरू देत नाहीत, म्हणून इथं बसायला लागलो, तवा समजलं. या भिंतीतून सगळं ऐकू येते वहिनी. तिकडे फोडणी पडतच नाही."

आमच्या ह्यांनी विचारलं, "मग इथल्या वासानं तुम्हाला काही होत नाही का?"

"होते ना," भाऊजी म्हणाले. "लय होते."

मला असा संताप आला म्हणून सांगू. एका छपराखाली राहणारी दोन माणसं, दोघंही एकमेकांसाठी जीव जाळतात आणि भांडून एकदाचं निकाली काढत नाहीत. मी टोपलीतल्या चार भाकरी फडक्यात बांधल्या, मूठभर मिरच्या आणि लसणाचा गड्डा घेतला, आणि "पोरांना वाढा" एवढं ह्यांना सांगून बाहेर पडले.

सुमनबाई पाटावर बसल्या होत्या. पुढ्यात दूध आणि भात.

"सुमनबाई, ते बाजूला ठेवा आणि झुणका करा," मी म्हटलं.

"मला आता आवडच राहिली नाही हो तिखटाची."

"खोटं बोलू नका. तुमचे यजमान तिकडे माझ्या स्वयंपाकघरात भिंतीला कान लावून बसलेत. रोज बसतात. माझ्या फोडणीनं त्यांचं पोट पेटतं तरी उठत नाहीत. तुमची फोडणी कधी पडते ते ऐकायचं असतं त्यांना."

त्या भिंतीकडे पाहत राहिल्या. मग उठल्या, स्टोव्हला पंप मारला, कढई ठेवली. तेल चांगलं तापू दिलं. मोहरी पडली, लसूण पडला, मिरच्या पडल्या, आणि बंद घरात असा ठसका उठला की मला खोकला आवरेना. त्या पीठ परतत होत्या आणि पदरानं डोळे पुसत रडत होत्या. त्यांचं ताट होईपर्यंत समोर बसून राहिले, नाहीतर ह्या बाईचा काय भरवसा.

घरी परत आले तर पोरं एका कोपऱ्यात चूप बसलेली. भाऊजी खोक्यावर पार वाकलेले, दोन्ही मुठी पोटात रुतवलेल्या, कपाळावर घाम. भिंतीच्या वरच्या फटीतून आलेला तो ठसका त्यांना चांगलाच भोवला होता. आमचे हे त्यांच्याजवळ दुधाचा पेला घेऊन उभे होते. कधीचा घेऊन उभा आहे, घेतच नाहीत, म्हणाले.

भाऊजींनी मान वर केली. "जेवली?"

"जेवली," मी म्हटलं. "दुसऱ्यांदा वाढून घेतलं."

मग त्यांनी पेल्यासाठी हात पुढे केला.