माझ्या केसांतला जोर

फायनलच्या दिवशी अख्ख्या गल्लीने केस नारिंगी करायचे, ही कल्पना माझीच. (गल्लीतल्या बहुतेक कल्पना माझ्याच असतात, निस्तरतात दुसरे.) आमच्या हॉलंडचा नारिंगी संघ फुटबॉल वर्ल्ड कपच्या फायनलला! घराघरांवर पताका, थाळ्यांत नारिंगी साखरेचे केक, आणि शाळेत रसायनशास्त्र शिकवणारी आमची शेजारीण योरीन भर रस्त्यात टेबल मांडून सज्ज!

"आधी मूळ रंग उडवायचा, मग नारिंगी," ती म्हणाली. "पण त्याआधी प्रत्येकाची एक बट तपासणार."

साठी जवळ आली तरी माझ्या डोक्यावर एक पांढरा केस नाही. आमच्या घराण्यात केस पिकतच नाहीत, असं मी सगळ्यांना सांगत आलोय. (घराणं एका बाटलीत मावतं. बाटली जिन्याखाली, बुटांच्या मागे.) तेव्हा ऐटीत पहिला जाऊन बसलो.

योरीनने माझी बट एका पेल्यातल्या, रंग उडवणाऱ्या पेरॉक्साइडमध्ये टाकली, समोरच्या खेरब्रांडची दुसऱ्यात. त्याची बट निपचित पडली. माझी फसफसली! फेस पेल्याबाहेर, पेला गरम!

"पाहिलात जोर?" मी ओरडलो. "याला म्हणतात जिवंत केस!"

"वीबेकाका, हा जोर केसांचा नाही, केसांवरच्या धातूचा. पेरॉक्साइड एरवीही फुटतं, पण सावकाश. धातू भेटला की धावत सुटतं. आणि धातू मात्र होता तसाच, पुढच्या थेंबाला पळवायला मोकळा! त्याला उत्प्रेरक म्हणतात."

(म्हणजे मीच की! मी पोचलो की कुठलंही भांडण वेग घेतं, मी मात्र धडधाकट घरी येतो.)

"हे डोक्यावर लावलं असतं तर टाळू भाजली असती. केसांना लावता काय?"

"मी? नुसतं नळाचं पाणी!"

योरीनचा चेहरा उतरला. "मग धातू पाण्यातच असणार!"

झालं! खेरब्रांडने तोंडातली कॉफी कुंडीत थुंकली. "नळ बंद करा रे!" योरीनने पाणीखात्याला फोन लावायला घेतला. "आता कसली फायनल!" कुणीतरी हळहळलं. घराण्याची अब्रू वाचवू की गल्लीची फायनल?

"थांबा!" मी टेबलावर चढलो. "पाणी स्वच्छ आहे! मी बाटलीतला कलप लावतो, धातू त्यातलाच!"

डोळे मिटून घेतले. कुणी हसेना.

"खेरब्रांड, पैज हरलास, तुझा केक इकडे दे," योरीनचा आवाज आला. "म्हटलं होतं ना, आज कबूल करतील!"

"म्हणजे... तुम्हाला ठाऊक होतं? कसं?"

माझी बायको आलेइडा शांतपणे म्हणाली, "अहो, आपल्या गल्लीत पडदे कोण ओढतं? दर शनिवारी तुम्ही आरशापुढे ब्रश घेऊन उभे राहता, तेव्हा समोरचे सगळे खुर्च्या वळवून बसतात."