मानाजीरावांनी तारेच्या दारी आपले नाव घेतले त्याची हकीकत

श्री. जो तारेच्या टोकाशी हिरवा दिवा लुकलुकवितो आणि लहर फिरली म्हणजे विझवितो, त्या देवास साष्टांग. शके एकोणीसशे एक्केचाळीस, विकारीनाम संवत्सर, मार्गशीर्ष वद्य पंचमी, ते दिवशी जे वर्तमान घडले ते लिहितो. हे कोणी खरे मानणार नाही. न मानो. खोटे सांगावयाचे मनात असते तर पटेल ऐसे सांगितले असते.

एक राज्य होते आणि त्यात समोरासमोर दोन गड होते आणि दोहोंवर संगणकांची वस्ती होती. पूर्वेच्या गडावर खिडक्यांचे निशाण, पश्चिमेच्या गडावर पेंग्विन पक्ष्याचे. रीतिरिवाज भिन्न, कायदे भिन्न, मधे नेटवर्काची एक तार, ती इतकी बारीक की एका वेळी एकच मनुष्य जाई आणि त्यानेही पगडी काढून काखेत मारावी. पेंग्विनगडी चित्रशाळा होती, तेथे सगुणाबाई चितारीण होत्या. त्यांनी महाराजांचे साठ हात चित्र संगणकावर काढिले, त्याची फाईल इतकी जड जाहली की ज्या फोल्डरात ठेविली त्याखालची जमीन चार बोटे खचली. छापखाना मात्र खिडकीगडी, त्याचे मुख्य मानाजीराव. हुकूम ऐसा की तिसऱ्या प्रहरी दरबार भरेल, तोवर चित्र छापून भिंतीस लागावे, न लागल्यास सगुणाबाईंची चितारकी काढून महाराजांच्या मेहुण्यांस द्यावी. मेहुण्यांची कला काय सांगावी! त्यांनी घोडा काढिला की लोक हात जोडून 'मावशी, प्रकृती बरी ना' म्हणोन पुसत.

मग सगुणाबाईंनी सकाळीच फोल्डर दोन्ही गडांस वाटून खुला केला आणि मानाजीरावांस सांगून पाठविले की येऊन घेऊन जावे. मानाजीराव निघाले. आता त्यांच्या घराण्याची चाल ऐसी की मानकऱ्याने आपले नाव आपल्या तोंडे घेऊ नये, भालदाराने पुढे होऊन पुकारावे. तारेत तर एकच मनुष्य मावे, म्हणोन भालदार अलीकडे राहिला आणि राव एकटे पेंग्विनगडाच्या दारी पोचले. दारावर धोंडजी नाईक होता. तो म्हणाला, “कोण?”

“आम्ही.”

“आम्ही म्हणजे कोण?”

“आम्ही म्हणजे आम्ही. डोळे आहेत ना?”

“तारेतून येणारे सगळे सारखेच दिसतात, राव.”

मग धोंडजीने वहीत 'अनामिक पाहुणा' ऐसे लिहिले आणि विडा देऊन आत सोडिले. राव चित्रापाशी गेले, चित्र दिसले, डोळे निवले, आणि हात लाविला तों हात तीन कोस मागे फेकला गेला आणि त्यामागोमाग राव गेले. पाहुण्याने पाहावे, उचलू नये, हा तेथील कायदा. राव परत येऊन म्हणाले, “दिसते, पण मिळत नाही. तार बिघडली.”

मग खिडकीगडी शहाणे जमले. एक म्हणाला, तार बदला, तार बदलिली. दुसरा म्हणाला, वैऱ्यांसाठी दारापुढे जी आगभिंत जळते ती आडवी येते, विझवा. ती विझविली, तों तिच्यावर मुदपाकखान्याचा भात चढविला होता तो कच्चा राहिला आणि आचारी रुसून माहेरी गेला. तिसरा म्हणाला, सर्व बंद करून पुन्हा चालू करा. तेव्हा अवघा गड बंद केला, जो जांभई देत होता तो आ वासून तैसाच राहिला, आणि चालू होताच त्याने उरलेली जांभई पुरी केली. दर खेपेस राव जात, 'आम्ही' म्हणत आणि फेकले जात. संगणकावर ते वाट पाहावयाचे चाक फिरू लागले ते इतके फिरले की गडावरच्या बायकांनी त्यावर दोन पायली ज्वारी दळून घेतली. इतक्यात दुपार कलली, आणि मेहुणे आपला घोडा गुंडाळून काखेत घेऊन दरबाराकडे निघाले ऐसी खबर आली.

तेव्हा सगुणाबाई अंबाड्यात कुंचला खोचून स्वतः तारेतून आल्या आणि म्हणाल्या, “राव, तार राहू द्या. दारात तुम्ही सांगता काय?”

“सांगावयाचे काय? आम्ही आलो म्हणतो.”

“आणि नाव?”

“ते भालदार सांगतो. आम्हांस सारे राज्य ओळखते.”

“राज्य ओळखत असेल. पण त्या गडाची वही वेगळी, त्यात तुमचे नावच नाही. मी जाऊन धोंडजीच्या वहीत लिहविते आणि पासवर्ड बांधून देते. पण दारात नाव तुम्हीच घ्यायचे.”

“सात पिढ्यांत कोणी घेतले नाही, बाई.”

“माझी रोजी जाते आहे, राव, आणि तुम्ही लाजता? आमच्या पोरी माप ओलांडण्याआधी भर दारात नवऱ्याचे नाव घेतात, ते काय उगाच? उखाण्यात घ्या. उखाण्याला दोष नाही.”

हे रावांस पटले. ते तारेतून गेले, दारी उभे राहिले, लाजून पगडीचा शेव दातांत धरिला आणि म्हणाले:

“हिरव्या दिव्याच्या उजेडात लांबलचक तार,
मानाजी माझे नाव, उघडा आता दार.”

धोंडजी म्हणाला, “वहीत आहे. पासवर्ड?” रावांनी तोंड उघडले तों शब्द न निघता काळे ठिपके निघाले, ते धोंडजीने मोजून आठ भरले आणि दार उघडिले. मग रावांनी हात लाविला तों चित्र मांजरासारखे अंगावर आले. फाईल तारेत शिरली तों तार बोकड गिळलेल्या अजगरासारखी फुगली, आणि नव्याण्णव टक्के होताच फाईल वाटेत बसली आणि विडी ओढू लागली. सगुणाबाईंनी कुंचल्याने ढोसिले तेव्हा उठली आणि छापखान्यात पडली.

येणेप्रमाणे दोन्ही गडांचे सूत जमले, मानाजीरावांनी कळ दाबिली, यंत्राने साठ हात चित्र पहिल्याच खेपेस एका दमात छापिले, कागद अडकला नाही, तिसऱ्या प्रहरी ते भिंतीस लागले, चितारकी सगुणाबाईंकडे राहिली आणि मेहुणे घोड्यास घेऊन घरी गेले.

ही हकीकत आम्ही चारचौघांत वाचून दाखविली. तों ऐकणाऱ्यांत कृष्णाबाई पानसे बसल्या होत्या, ज्यांची हयात छापखान्यात गेली, त्या म्हणाल्या, “बाबा, बाकी सगळे खरे असेल. पण पहिल्या खेपेस कागद अडकला नाही, हे खोटे.”

आम्ही दप्तर बांधले.