ताईबाईंच्या इंजेक्शनचा समाचार

पिंप्राळ्याच्या ताईबाईंना संधिवाताचं नवं इंजेक्शन मिळणार, ही बातमी पाचोऱ्यापासून शिंदखेड्यापर्यंतच्या समस्त भावकीत रीतसर पोहोचली.

ताईबाईंची बोटं इतकी आखडली होती की भाकरी थापता येत नव्हती. शरीराचे पहारेकरीच घरच्या माणसांवर काठी उगारताहेत, असं डॉक्टर म्हणाले. त्यावर प्रयोगशाळेत घडवलेलं एक इवलंसं प्रथिन निघालं होतं. रक्तात शिरायचं, भांडण पेटवणाऱ्या एकालाच गच्च धरायचं, बाकी कोणाच्या वाटेला जायचं नाही. नातलगांत असं कोणीच नसल्यामुळे सगळ्यांना त्याचं फार अप्रूप वाटलं.

अट एकच. सोमवारी कंपाउंडर येऊन टोचेपर्यंत इंजेक्शनची डबी फ्रिजमध्ये थंड राहायला हवी. दार उगाच उघडायचं नाही, असं फर्मान मुलगा हितेंद्र याने काढलं.

शनिवारपासून माणसं समाचाराला येऊ लागली. मे महिना, जळगावचं ऊन. उन्हातून आलेल्याला आधी गार पाणी द्यायचं, हा खानदेशाचा कायदा हितेंद्रच्या फर्मानाहून जुना. दार उघडलं. पाणी पिऊन माणूस म्हणे, आलोच आहोत तर ते औषधही पाहून घेऊ. दार पुन्हा उघडलं. शेजारच्या सुनंदाबाईंनी तर डबीला हळदकुंकू वाहिलं.

शिंदखेड्याहून आलेले दीर झुलालनाना डबीतली कुपी उन्हाकडे धरून म्हणाले, "वहिनी, हाई ते बठ्ठं पाणीच शे."

"असेना का सगळं पाणी. नाना, आधी दार लावा."

"लावस ना. मन्हा डोयाले जरा दिसू तर दे."

शेवटी घरात बैठक भरली. दार कोणी उघडू नये म्हणून नानांनी फ्रिजपाशी खुर्ची टाकून पहारा द्यावा, असं एकमताने ठरलं. नाना बसले. औषध जागेवर आहे ना, याची खात्री मात्र त्यांना अधूनमधून करावी लागे.

सोमवारी कंपाउंडरने डबी पाहिली. गरमी लागली की काळा पडणारा ठिपका तिच्यावर होता. तो काळाठिक्कर पडला होता. हे आता टोचता येणार नाही, दुसरं येईल तेव्हा येईल, असं सांगून तो गेला. जाताना गार पाणी पिऊन गेला.

ही बातमी पहिलीपेक्षा लवकर पोहोचली. माणसं आता दुखवट्याला यावीत तशी येऊ लागली. एवढी गुणाची वस्तू हातची गेली म्हणत बायकांनी डोळ्यांना पदर लावला. ताईबाई वाकड्या बोटांनी पेले भरत राहिल्या.

वाचताना तुम्हीही हळहळला असाल. इंजेक्शन वाया गेलं म्हणूनच. ताईबाईंची बोटं आता कशी आहेत, हे तुम्हीही विचारलं नाहीत.